पावतीसकट प्रोपिना

लिस्बनमध्ये विद्यापीठाच्या फीला 'प्रोपिना' म्हणतात. परवा हप्ता भरून घरी आलो आणि स्वयंपाकघरात सहज बोलून गेलो, "प्रोपिना देऊन आलो बाबा एकदाची."

साओ पावलोहून नुकताच आलेला आमचा घरसोबती कांदा चिरत होता. सुरी थांबली. त्याने दार लोटून घेतलं.

"कुणाला दिलीस?"

"विद्यापीठाला."

"ते झालं. माणूस कोण?"

"खिडकीवरच्या बाई."

"रोख?"

"छे, कार्डाने. पावती दिली की त्यांनी."

तो मटकन खुर्चीत बसला. ब्राझीलमध्ये प्रोपिना म्हणजे लाच. २०१४ पासून पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीचं प्रकरण गाजलं, तेव्हा तिथल्या बातम्यांत हा शब्द उठता-बसता असायचा.

"आमच्याकडे एवढे कंत्राटदार, पुढारी अडकले," तो म्हणाला, "पण पावती? युरोप तो युरोपच! बरं, काम झालं?"

"काम कसलं? परीक्षेला बसू देतात."

"म्हणजे पास करायचे वेगळे?"

समजावून सांगितलं तर डोळा मारतो! तेवढ्यात सेव्हिलची सोबतीण आली. स्पॅनिशमध्ये प्रोपिना म्हणजे टिप. आकडा ऐकून ती म्हणाली, "असं काय खाल्लंस?"

मूळ ग्रीक क्रियापद 'प्रोपिनेइन', म्हणजे एखाद्याच्या नावाने पेला उचलून पिणं. त्यातलं 'पि' आणि आपलं 'पिणं' एकाच कुळातलं. लॅटिनमार्गे शब्द पुढे सरकला, पेल्याची भेट झाली, भेटीचे पैसे झाले. आपल्या कचेऱ्यांतलं 'चहापाणी' अगदी याच वाटेने गेलंय, आणि त्याबद्दल आपल्याला कुणी ग्रीक म्हणत नाही. पोर्तुगीज लोक टिपेला 'गोर्जेता' म्हणतात. तोही शब्द घशावरूनच आलाय. एकूण काय, हे खंडच तहानलेलं.

माझा घसा मात्र कोरडा. २०२० साली इथल्या सरकारी विद्यापीठांत पदवीच्या फीची कमाल मर्यादा वर्षाला ६९७ युरोंवर आणली, पण ती इथल्या आणि युरोपीय संघातल्या पोरांना. आम्ही बाहेरचे, आमच्यासाठी विद्यापीठ ठरवील तो आकडा, आणि तो त्याच्या कितीतरी पट. शिकवणारे तेच, बाक तेच, गळकी खिडकीही तीच. वर उशिराचं व्याज! पुण्याच्या बँकेने पैसे वेळेवर सोडले होते, मधल्या कुठल्या तरी बँकेत ते वामकुक्षी घेत पडले. त्या व्याजाचीही पावती आहे, शिक्क्यानिशी.

रात्री ब्राझीलवाल्याने दारावर टकटक केली. त्याच्या रहिवासी कार्डाची तारीख काही केल्या मिळत नाहीये.

"त्या बाई," तो कुजबुजला, "कार्डाचंही बघतात का रे?"