बोट पास झाली, दिवा लागेना

इंग्लंडात कालव्यावरची बोट घेतली की सुरुवातीला सगळे नातेवाईक फोटो मागतात, नंतर कोणी विचारत नाही, आणि मग येते बोट सेफ्टी स्कीमची तपासणी. दर चार वर्षांनी. सर्टिफिकेट नसेल तर कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट, म्हणजे कालवे सांभाळणारी संस्था, लायसन्स देत नाही. पीयूसीच म्हणा ना, फक्त इथे तपासणारा खरंच आत शिरून बघतो.

आमची नॅरोबोट जुनी, स्टीलची, रुंदीला सात फुटांच्याही आत, म्हणजे एसटीपेक्षा अरुंद. आधीच्या प्रत्येक मालकाने आपापली वायर ओढलेली आणि जुनी काढायचे कष्ट कोणीच घेतलेले नाहीत. फळी काढून बघतो तर सगळं लाल, प्लस लाल, मायनस पण लाल, एक लाल वायर तर दोन्ही टोकांना कशालाच जोडलेली नाही, मधे फ्यूज मात्र आहे.

बोटीतली वीज बॅटरीची, बारा व्होल्टची. साताऱ्याच्या काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका रिटायर्ड वायरमन. म्हणाले, "अरे बारा व्होल्टला काय घाबरतोस, शॉक तरी बसतो का?" शॉक नाही बसत हो काका, पण 60 वॅटला घरी पाव अँपिअर पुरतो तिथे इथे पाच लागतात, वायर बारीक असली की तापते, आणि आजूबाजूला सगळं लाकूड. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर पाना पडला तर पानाच लाल होईल. मग काका गंभीर झाले आणि "कॅमेरा खाली घे" म्हणत दोन तास मला वाकवून ठेवलं. बॅटऱ्या पट्ट्याने आवळल्या, टर्मिनलवर झाकणं घातली, गॅसच्या पाइपला चिकटलेल्या वायरी लांब केल्या. काकू मागून विचारत होत्या, जेवलास का.

तपासनीस आला तो गुडघ्याला पॅड बांधूनच. मेन स्विच, फ्यूज, गॅस, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म (2019 पासून सक्तीचा आहे), सगळं बघितलं. त्या अनाथ लाल वायरीसमोर जरा जास्तच वेळ बसला, बिचाऱ्याला काय वाटलं असेल देवजाणे. मग समजावून सांगितलं की ही स्कीम मुख्यतः तुमच्यामुळे दुसऱ्याला धोका होऊ नये म्हणून आहे, खासगी बोटीत काही गोष्टी नुसत्या सल्ला म्हणून लिहितात. म्हणजे शेजाऱ्याची बोट पेटता कामा नये, तुमचं तुम्ही बघा! मला हे फारच प्रामाणिक वाटलं.

पास झालो. फक्त आता संडासातला दिवा पाण्याचा पंप चालू असेल तरच लागतो, कालपर्यंत नीट लागायचा. तपासनीसाला विचारलं तर म्हणाला, त्याचा कॉलम नाही. काकांना विचारलं.

"मग सूनबाईला सांग, रात्री आधी नळ सोडायचा."