आडनाव टाकून वंशावळ निघत नसते

मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: निजामकाळातलं सगळं रेकॉर्ड ऑनलाइन आलंय, आडनाव टाकलं की पाचशे वर्षांची वंशावळ निघते, वंशावळीत मुलींची नावं लागत नाहीत, आणि भावकीतल्या सगळ्यांच्या जन्मतारखा, मोबाइल नंबर ग्रुपवर टाकले की काम लवकर होतं. पहिल्या दोन दाव्यांनी फार तर तुमचा वेळ जाईल. पुढच्या दोन्हींनी माणसांचं नुकसान होतं.

‘सगळं ऑनलाइन आलंय.’ नाही. न्या. संदीप शिंदे समिती २०२३ साली नेमली ती कुणबी नोंदी तपासायला. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर दिसतं ते बहुतेक त्याच शोधात सापडलेलं. बाकी कागद अजून अभिलेख कक्षात रुमालांत बांधलेले, काही उर्दूत तर काही मोडीत.

‘आडनाव टाका.’ जुन्या कागदात आडनाव असेलच असं कुणी सांगितलं? ‘मारोती वल्द गणपती’, म्हणजे गणपतीचा मुलगा मारोती, एवढ्यावर काम भागत होतं. बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ आणि नवऱ्याचं नाव. शिवाय गाव सोडलेल्या माणसाला त्या गावाचंच नाव चिकटतं, आणि एका गावातून निघालेली चार जातींची माणसं तेच आडनाव लावतात. त्यामुळे शोध धरायचा तो गाव आणि जमिनीवरून. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावात झालेल्या बदलांच्या नोंदी, काढत मागं जा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट पडलेत, म्हणून जुना सर्व्हे नंबर आधी मिळवा. तो हातात असला की १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे तेव्हाचं जमिनीच्या नोंदीचं पत्रक, उलगडतं. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांना शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी बघाव्या लागतात. त्यातली जन्मतारीख मात्र जपून घ्या. मास्तरांनी अर्ध्या गावाला १ जूनलाच जन्माला घातलंय!

‘पाचशे वर्षं.’ अशी शेकडो वर्षं अनेकदा येतात कुठून, तर कागदावरच्या सनातून. ‘सन १३४०’ दिसलं की लोक थेट तुघलकांच्या काळात पोचतात. पण हैदराबाद संस्थानात फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, चालायचा आणि तो ऑक्टोबरात, आजुर महिन्यापासून सुरू व्हायचा. त्यात ५९० मिळवा: १३४० फसली म्हणजे १९३०-३१. तुमचा पूर्वज आहे, पण पणजोबा. त्यामागच्या पिढ्यांसाठी त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या कधीकधी कामी येतात, तेही घरातलं कुणी तिथं गेलं असेल तरच. एवढं करून दुवा जुळत नसेल तर जागा रिकामी ठेवावी. सारख्या नावाचा माणूस ओढून तिथं बसवू नये.

‘मुलींची नावं लागत नाहीत.’ हे वाचून राग येतो. वारसाच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे जाते ती शपथपत्रावरची वंशावळ. त्यात बहीण गाळली तर ते खोटं शपथपत्र झालं. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिनं हक्कसोड करून दिलं असेल तरी ती वंशावळीतून जात नाही. आणि इतिहास म्हणून बघितलं तरी कोण कुठून आलं, कुणाचं माहेर कुठलं, दुष्काळात कोणतं घर उठलं, हे आत्याला आणि आजीलाच ठाऊक असतं. कचेरीत जायच्या आधी त्यांच्याकडे बसा.

‘माहिती ग्रुपवर टाका.’ गेलेल्यांची नावं टाकायलाही जरा विचार करावा. दत्तक, पाट, दुसरं घर अशा गोष्टी अजून दुखऱ्या असतात. हयात माणसाची जन्मतारीख, नंबर, आधार तर मुळीच नाही, एकदा पुढं गेलं की परत घेता येत नाही. वंशावळीला नाव आणि नातं पुरतं, तेही त्या माणसाला विचारून. कुणी नको म्हणालं तर वाटायच्या प्रतीत ‘एक मुलगी’, ‘एक मुलगा’ एवढंच लिहावं आणि पूर्ण प्रत घरात ठेवावी.