आपल्या लॉनवरील जनरेटरच्या दुरुस्तीबाबतच्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी परवा रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. बुधवारी संध्याकाळी आपल्या लॉनवर स्वागत समारंभ होता, त्यासाठी आपल्याला भाड्याने जनरेटर आणावा लागला, आणि त्या दिवशी आपण केलेले फोन माझ्याकडून उचलले गेले नाहीत, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. बुधवारी दुपारपर्यंत काम होईल असे मीच आपल्याला सांगितले होते. ते होणार नाही याचा अंदाज मला मंगळवारी रात्रीच आला होता आणि त्याच वेळी आपल्याला कळवायला हवे होते. तेवढी चूक पूर्णपणे माझी आहे.

परंतु आपण पुढे लिहिले आहे की, "काम पाच मिनिटांचे होते, माझ्या पुतण्याने बॅटरी लावायला पहिल्याच दिवशी सांगितले होते, चार दिवस मशीन अडवून शेवटी यांनीही बॅटरीच लावली आणि 9,850 रुपये घेतले." हे वाक्य वाचून मला झोप लागली नाही. वडिलांनी मोटर रिवायंडिंगचे हे दुकान सुरू केले, मी त्यात जनरेटरचे काम वाढवले, आणि आज दोन कारागिरांची घरे त्यावर चालतात. काल एका दवाखान्याचे व्यवस्थापक वार्षिक देखभालीचे बोलायला आले होते. त्यांनी आपला मजकूर मोबाईलवर दाखवून विचारले की खरे काय आहे. त्यांना जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहितो.

बॅटरी लावायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत, हे खरे आहे. ती सोमवारी का लावली नाही, हा प्रश्न आहे.

आपला 15 केव्हीएचा सेट ब्रशलेस आहे. त्यात एकाच शाफ्टवर दोन यंत्रे बसवलेली असतात, एक मोठा अल्टरनेटर, जो आपल्याला लागणारी वीज तयार करतो, आणि त्याच्या टोकाला लहान एक्सायटर, जो अल्टरनेटरला चुंबकत्वासाठी लागणारी वीज पुरवतो. चुंबकीय क्षेत्रात तार फिरली की तिच्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवले आणि आजही सर्व जनरेटर त्याच तत्त्वावर चालतात. मात्र सुरुवातीला लागणारे चुंबकत्व येथे बाहेरून येत नाही. एक्सायटरच्या लोखंडात मागच्या वेळचे थोडेसे चुंबकत्व उरलेले असते. इंजिन 1500 फेऱ्यांवर आले की त्या उरलेल्या चुंबकत्वावर काही व्होल्ट तयार होतात, एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणारे छोटे उपकरण, ते घेऊन एक्सायटरला परत देतो, चुंबकत्व वाढते, व्होल्टेज वाढते, आणि काही क्षणांत 415 व्होल्टवर येऊन स्थिरावते. मशीन कित्येक महिने बंद राहिले की हे उरलेले चुंबकत्व कधी कधी इतके क्षीण होते की इंजिन उत्तम चालते, पण व्होल्टेज उचलत नाही. अशा वेळी एक्सायटरला क्षणभर 12 व्होल्टची बॅटरी दाखवतात. आपल्या पुतण्याने व्हिडिओत पाहिले ते हेच होते आणि आजाराचे नाव त्यांनी बरोबर सांगितले होते.

आपला सेट आषाढी एकादशीनंतर बंद होता, तो तुळशीच्या लग्नानंतर प्रथमच सुरू करण्यात आला. पावसाळाभर तो ताडपत्रीत चारही बाजूंनी घट्ट बांधून ठेवला होता. आपण काळजीपोटीच तसे केले असणार, परंतु अशा बांधणीत आतली ओल बाहेर पडत नाही. सोमवारी संध्याकाळी मी कॅनोपी, म्हणजे सेटवरची लोखंडी पेटी, उघडली तेव्हा टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते आणि नटांवर हिरवट थर चढला होता. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी एव्हीआरच्या तारा सोडवून मी 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याच्या मीटरने, वायंडिंग (तारांची गुंडाळी) आणि बॉडी यांच्यातील इन्सुलेशन तपासले. किमान 1 मेगओहम हवे, ते 0.3 आले. आपण शेजारीच उभे होता आणि काटा मी आपल्यालाही दाखवला होता.

या स्थितीत बॅटरी लावली असती, तर 415 व्होल्ट ओल्या वायंडिंगवर आले असते. कदाचित मशीन चालले असते आणि मी पाच मिनिटांत पैसे घेऊन निघालो असतो. कदाचित मांडव भरलेला असताना वायंडिंग बॉडीला लागून जळले असते. त्यानंतर पूर्ण रिवायंडिंग करावे लागले असते, त्याचा खर्च या बिलाच्या कितीतरी पट असतो, आणि लोखंडी कॅनोपीला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न वेगळाच. असा धोका पत्करून मशीन सुरू करून देणे मला जमणार नाही, आपण एक तारा दिलात तरीही.

म्हणून चेन पुली लावून अल्टरनेटर उतरवला आणि गाडीतून दुकानात आणला. प्लायवूडच्या पेटीत 200 वॅटचे 4 बल्ब लावून, वाफ बाहेर जाण्यासाठी वर फट ठेवून, तो वाळवायला ठेवला. घाई करून जास्त उष्णता दिली तर आतली ओल एकदम वाफ होऊन इन्सुलेशन फोडते, म्हणून हे काम सावकाशच करावे लागते. मंगळवारी रात्री आकडा वाढण्याऐवजी 0.2 वर उतरला. वायंडिंग तापू लागले की तो आधी उतरतो आणि ओल निघून गेली की चढतो. हे मला ठाऊक होते, पण त्यावरून बुधवार दुपार साधणार नाही हेही दिसत होते. बुधवारी दुपारी आकडा 18 वर गेला, त्यानंतर वार्निशचा हात दिला आणि ते रात्रभर वाळले. आपले फोन आले तेव्हा आम्ही तिघेही त्या वार्निशमध्येच हात घालून होतो, मोबाईल टेबलावर होता.

आता एव्हीआरचे 3,750 रुपये. आपला आरोप आहे की चांगला एव्हीआर बदलून पैसे लावले. सोमवारीच मला त्याच्या एफ प्लस आणि एफ मायनस टर्मिनलवर, म्हणजे एक्सायटरकडे जाणाऱ्या तारा जिथे जोडतात तिथे, पिळलेल्या तांब्याच्या तारेचे दोन तुकडे अडकलेले दिसले आणि बाजूला ठिणगीचा काळा डाग होता. मी त्याच वेळी विचारले होते, "भाऊ, याला कोणी बॅटरी लावून पाहिली का?" उत्तर "नाही" असे मिळाले. बॅटरी दाखवायची तर आधी एव्हीआरच्या दोन्ही तारा सोडवाव्या लागतात आणि प्लस प्लसलाच लावावा लागतो. एव्हीआर जोडलेलाच ठेवून बॅटरी उलटी लागली, तर त्याच्या आत आउटपुटवर असलेला डायोड बॅटरीला थेट शॉर्ट करतो आणि क्षणात जळतो. आपल्या एव्हीआरच्या खालच्या बाजूचा रेझिन त्याच जागी फुगलेला आहे. हे कोणाच्या हातून झाले, याचा वाद मला घालायचा नाही. घरच्या तरुणाने मदत करण्यासाठीच केले असेल. पण त्या वेळी "हो" म्हटले असते, तर नवा एव्हीआर मी सोमवारी रात्रीच मागवला असता. तो मंगळवारी तपासणी करून मागवला आणि बुधवारी उशिरा हातात आला.

गुरुवारी अल्टरनेटर जोडून एव्हीआर न लावता एक्सायटरला बॅटरी दिली, ती आपण पाहिली. तिन्ही फेजवर सारखे व्होल्टेज आले, म्हणजे वायंडिंग आणि शाफ्टवर फिरणारे, एक्सायटरची वीज एकाच दिशेने पुढे देणारे डायोड निर्दोष आहेत हे सिद्ध झाले. मग नवा एव्हीआर लावला आणि आपलेच हॅलोजन आणि कूलर जोडून तासभर लोडवर चालवून दाखवला. 49.5 हर्ट्झ आणि 412 व्होल्ट हे आकडे बिलाच्या मागे लिहिलेले आहेत. बिलात एव्हीआरव्यतिरिक्त वाळवणे व वार्निश 2,200, गाडी 1,400 आणि चौघांच्या उतरवण्या-चढवण्यासह मजुरी 2,500 आहे. बॅटरी लावण्याचा एक रुपयाही लावलेला नाही.

यापुढे काम लांबणार असेल तर ग्राहकाला आदल्या रात्री कळवण्याची व्यवस्था आम्ही करीत आहोत, आणि आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल पुढच्या दोन सर्व्हिसिंगची मजुरी मी घेणार नाही. तोपर्यंत एवढी विनंती आहे की चातुर्मासातही महिन्यातून एकदा अर्धा तास सेट थोड्या लोडवर चालवावा आणि ताडपत्री खालून मोकळी सोडावी.

आपला जुना एव्हीआर, तारेच्या त्या दोन तुकड्यांसह, मी फेकलेला नाही. आपल्या बिलाचा क्रमांक लिहून दुकानाच्या कपाटात ठेवला आहे. सकाळी 10 ते रात्री 8 मी येथेच असतो. पुतण्यालाही सोबत आणावे, मी दोघांसमोर तो उघडून दाखवीन. त्यानंतर अभिप्राय तसाच ठेवायचा की बदलायचा, हे आपण ठरवावे.

आपला,
दुकानाचा मालक, नागपूर