नातुनाचा समुद्र आणि एक घसरलेली ओळ

९ नोव्हेंबर २०२४. बीजिंगमध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष प्राबोवो सुबियांतो आणि शी जिनपिंग यांचं संयुक्त निवेदन निघालं. असली निवेदनं असतात तसंच लांबलचक आणि कंटाळवाणं. पण त्यात एक ओळ होती: दोन्ही देशांचे दावे जिथे एकमेकांवर चढतात, त्या समुद्रात मिळून विकास करू. सागरी कायदा कळणाऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

कारण इंडोनेशियाची आजवरची भूमिका एवढीच होती की चीनशी आमचा सागरी वादच नाही. दक्षिण चीन समुद्राच्या दक्षिण टोकाला आमची नातुना बेटं, त्यांच्या उत्तरेचा समुद्र १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार आमचं अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे तिथल्या मासळीवर-तेलावर हक्क आमचाच. चीन नकाशावर तुटक रेषा ओढून जवळजवळ सगळा दक्षिण चीन समुद्र आपला म्हणतो, ती त्या करारात कुठेच बसत नाही, मग वाद कसला? मे २०२० मध्ये त्यांनी हे संयुक्त राष्ट्रांना लेखी कळवलं. २ जूनला चीनचं उत्तर आलं, बसून बोलू. १२ जूनला जकार्ताने कळवलं, बोलायला विषयच नाही. शेतीवाल्यांना हे समजावून सांगायला नको. बांधावरून मोजणीला तयार झालात की बांध वादात आहे हे तुम्हीच कबूल केलंत.

दोन दिवसांनी परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला, याचा अर्थ चीनच्या दाव्याला मान्यता नाही. ठीक आहे. पण मूळ कागद राहतोच, आणि चीन तो कधीतरी बाहेर काढणारच.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशिया ब्रिक्सचा पूर्ण सदस्य झाला. 'गेला चीनच्या गोटात' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण बीजिंगमधल्या त्या भेटीनंतर, त्याच दौऱ्यात, प्राबोवो वॉशिंग्टनला जाऊन बायडेन यांना भेटले. त्याच महिन्यात इंडोनेशियन नौदलाने रशियाबरोबर सराव केला, त्याआधी अमेरिकेबरोबरचा 'सुपर गरुड शील्ड' झालाच होता. श्रीमंत देशांच्या ओईसीडीत शिरायची प्रक्रियाही चालूच आहे.

याला ते 'बेबास आक्तिफ' म्हणतात, म्हणजे स्वतंत्र आणि सक्रिय. २ सप्टेंबर १९४८ ला तेव्हाचे पंतप्रधान मोहम्मद हत्ता यांनी हे मांडलं, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या 'दोन खडकांमधून वल्हवत जाणं' असं म्हणत. व्यवहारात त्याचे दोन नियम उरतात: लष्करी करारगटात जायचं नाही, परक्यांना तळ द्यायचा नाही. आणि हे नुसतं बोलणं नाही. १९५२ मध्ये परराष्ट्रमंत्री सुबार्जो यांनी अमेरिकी मदतीच्या करारावर गुपचूप सही केली, तर पंतप्रधान सुकिमान यांचं अख्खं मंत्रिमंडळ गडगडलं. २०२० मध्ये अमेरिकेने टेहळणी विमानांना उतरून इंधन भरू द्या म्हटलं, तेव्हा नकार मिळाला.

खरी कसोटी लागली ती ऑकसच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिकेच्या संरक्षण कराराच्या वेळी. १५ सप्टेंबर २०२१ ला ऑस्ट्रेलियाला अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्या द्यायचं ठरलं. आता नकाशा उघडा. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तळावरून दक्षिण चीन समुद्रात जायचा जवळचा रस्ता इंडोनेशियाच्या बेटांमधून जातो. सुंदा सामुद्रधुनी पूर्वेच्या टोकाला फार उथळ, त्यामुळे पाणबुडीसाठी लोंबोक किंवा त्याच्या पूर्वेकडच्या वाटा. प्रादेशिक समुद्रातल्या साध्या 'निरुपद्रवी' प्रवासात पाणबुडीने वर येऊन झेंडा दाखवायचा असतो. पण ठरवून दिलेल्या द्वीपसमूह मार्गांवर ती 'नेहमीच्या पद्धतीने', म्हणजे पाण्याखालूनही जाऊ शकते. इंडोनेशियाने असे तीन मार्ग आखलेत, तिन्ही उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम एकही नाही, आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियाला ते अपुरं वाटतं. म्हणजे परक्याची अणुपाणबुडी आपल्या घराच्या ओसरीखालून जाणार, आणि तिला अडवायला कायदा पुरेसा नाही.

मग जकार्ताने काय केलं? दोनच दिवसांत निवेदन काढलं: शस्त्रस्पर्धेबद्दल 'तीव्र चिंता', पण निर्णयाची फक्त 'सावधपणे नोंद'. निषेध नाही. ऑस्ट्रेलियाशी संबंध तोडून काही मिळणार नव्हतं, आणि माझा अंदाज, चीनला कोणीतरी वेसण घातलेली त्यांना मनातून नको होती असंही नाही. खरा घाव पुढच्या ऑगस्टमध्ये, अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या आढावा परिषदेत घातला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणी करारात एक फट आहे: पाणबुडीच्या इंजिनासारख्या, बॉम्ब नसलेल्या लष्करी कामासाठी अणुइंधन तपासणीबाहेर काढता येतं. आणि या पाणबुड्यांत अतिसमृद्ध, म्हणजे बॉम्बलाही चालणारं युरेनियम असतं. इंडोनेशियाने नेमक्या या फटीवर लेखी टिपण सादर केलं. आरडाओरडा न करता प्रश्न कागदावर आणला. हे मला त्यांच्या सगळ्या परराष्ट्र धोरणातलं उत्तम काम वाटतं, कुणी फारसं बोलत नसलं तरी.

शस्त्रखरेदी मात्र दुखरी बाजू आहे. १९९९ मध्ये पूर्व तिमोरमधल्या हिंसाचारावरून अमेरिकेने शस्त्रबंदी घातली, एफ-१६ चे सुटे भाग मिळेनात. बंदी पूर्ण उठली २००५ मध्ये. त्या बंदीपासूनच एकाच दुकानात उधारी ठेवायची नाही असं ठरलं. रशियन सुखोई आली. २०१८ मध्ये ११ सुखोई-३५ चा सुमारे १.१४ अब्ज डॉलरचा करार झाला, निम्मी रक्कम मालाच्या रूपात द्यायची होती. अमेरिकी निर्बंधांच्या धास्तीने तो गुंडाळला आणि ४२ राफेल मागवली. आता तुर्कीची 'कान' नावाची लढाऊ विमानंही ४८ हवीत. प्रत्येक जातीच्या विमानाला वेगळी क्षेपणास्त्रं, वेगळे सुटे भाग, वेगळे तंत्रज्ञ. रशियन आणि पाश्चात्त्य विमानं हवेत एकमेकांना सहजासहजी माहिती देऊ शकत नाहीत. एक देश रुसला तर सगळा ताफा जमिनीवर राहणार नाही, हे खरं. पण या विम्याचा हप्ता आता विम्याच्या रकमेला भिडायला लागलाय.

आणि नातुनाला रोज लागतात ती गस्तीची जहाजं. त्या बीजिंग भेटीच्या तीनच आठवडे आधी चीनच्या तटरक्षक जहाजाने, क्रमांक ५४०२, तिथे पेर्तामिना या इंडोनेशियाच्या सरकारी तेल कंपनीच्या सर्वेक्षणात अडथळा आणला होता. बाकामला, म्हणजे इंडोनेशियाच्या सागरी सुरक्षा दलाने, त्याला हुसकावलं आणि ते पुन्हा आलं. बाकामलाची मोठी जहाजं ८० ते ११० मीटरची, तीही बोटांवर मोजण्याइतकी. जानेवारी २०२३ मध्ये चीनने त्याच पाण्यात पाठवलेलं ५९०१ हे जहाज १२,००० टनांचं.