भान आहे, पण प्रत्येकाचं वेगळं

‘मोबाइलमुळे तरुणांना जगाचं भान उरलेलं नाही’ हे मुलांसाठी समाजमाध्यमांवर वयाची बंदी सुचवणाऱ्या लेखातलं वाक्य पटलं नाही. भान आहे हो, पण ते कुणीतरी चाळून हातात दिलेलं. माझी मुलगी बारावीत, भाचा डिप्लोमाला. दिवाळीत दोघं शेजारी बसून रील्स बघत होती, तेव्हा सहज दोघांचे फोन मागितले (दिले, हेच नवल!). तिच्या फोनवर परदेशात शिकणाऱ्या मुली, तिथली भाडी, पार्टटाइम नोकऱ्या. त्याच्याकडे ट्रेडिंग करून लाखो कमावणारे आणि रस्त्यावरच्या हाणामाऱ्या. तिला वाटतं सगळेच देश सोडून चाललेत, त्याला वाटतं बाहेर पडलं की कुणीतरी अंगावर येणारच.

हिंसा सतत पाहणाऱ्याला जग आहे त्याहून भयंकर वाटतं, हे माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी टीव्हीबद्दल १९७०च्या दशकातच मांडलं होतं. पण तेव्हा घरात टीव्ही एकच असायचा, आजोबा तिथल्या तिथे ‘काहीतरीच दाखवतात’ म्हणायचे. आता शेजारी बसलेल्यालाही पत्ता नसतो. लेखात सुचवलेल्या वयाच्या बंदीनं हे कसं सुटणार? ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली, पण आमची ही दोघं सतरा-अठराची! मुलीला विचारलं, आपल्या गल्लीतून परदेशी कोण गेलं गं? बराच वेळ आठवून म्हणाली, ‘कुणीच नाही.’