बॉयलर फुटला की नाही?

तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला माणसाला सपाट, टणक काहीतरी लागतं, हे मला मान्य आहे. ते माझं पुस्तक असावं, हे मान्य नाही.

दारव्ह्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत फाट्यावरच्या पानठेल्यापाशी बसलो होतो. मे महिना. हातात स्टीफन किंगची १९७७ सालची ‘द शायनिंग’. कोलोरॅडोतलं बर्फानं वेढलेलं हॉटेल, हिवाळाभर त्यात अडकलेले नवरा, बायको आणि पोरगं. आमच्या उन्हात अशी कादंबरी कुलरपेक्षा परवडते, लाइट गेली तरी चालते. शेवटची पन्नासेक पानं उरली होती.

शेजारच्या भाऊंनी “पाहू जी” म्हणत पुस्तक ओढलं, मांडीवर ठेवलं, वर खर्र्याची पन्नी ठेवली आणि घोटायला लागले.

“शायनिंग ना? पिच्चर पाह्यला म्या. पोट्ट्याच्या मोबाइलवर. तो बाप शेवटी गारठून मरते.”

“अहो, सांगू नका!”

“काहून? मेला तं मेला. झाडाईच्या भुलभुलैयात. असा.”

आणि भाऊंनी मरून दाखवलं. बुबुळं वर, जबडा खाली, मान वाकडी. बराच वेळ तसेच बसले, फक्त हात खर्रा घोटत होते. पलीकडच्या बाई घाबरल्या. “माय वं, ह्याइले ऊन लागलं!” म्हणत पिशवीतून कांदा काढून त्यांनी भाऊंच्या नाकाशी धरला. भाऊ शिंकले. कुठे शिंकले ते सांगत नाही. पुस्तक माझं होतं.

रात्री चिडूनच शेवट वाचला. तर काय, हा गारठून मरतच नाही! बॉयलरचा दाब वेळेवर उतरवायचा तो विसरतो आणि हॉटेलासकट उडतो. भुलभुलैयाही नाही; झाडं छाटून केलेले प्राणी आहेत, तेच अंगावर येतात. मदतीला धावलेला स्वयंपाकी पुस्तकात बचावतो. दिग्दर्शक कुब्रिकच्या १९८० च्या सिनेमात तो बिचारा बर्फातून एवढ्या लांबून येतो आणि आल्या आल्या कुऱ्हाड खातो. खोलीसुद्धा २१७ ची २३७ केली. किंगला हा सिनेमा आवडला नाही. त्यानं १९९७ साली स्वतः पटकथा लिहून टीव्हीवर मालिका आणली. एवढा राग माझ्या अंगात नाही, पण समजू शकतो. सिनेमातला बाप पहिल्यापासूनच सटकलेला वाटतो. पुस्तकातला दारू सोडून धडपडत असतो, पोरावर जीव असतो, आणि तरी हळूहळू बिघडत जातो. त्या भीतीला आमच्या गावात भूत लागत नाही. दर चार घरांआड पोरं संध्याकाळी बापाच्या चपलेचा आवाज ऐकत बसतात.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम फाट्यावर गेलो. भाऊ होते. कांदेवाल्या बाईही होत्या.

“भाऊ, तो गारठून नाही मरत. बॉयलर फुटतो.”

भाऊंनी विचार केला. “मंग लिवणाऱ्याचं चुकलं असन. म्या सोता पाह्यलं ना.”

“हाव नं,” बाई म्हणाल्या, “ह्याइनं तं करूनई दाखोलं.”

मी पान काढून दाखवायला पुस्तक पुढे केलं. भाऊंनी ते घेतलं, मांडीवर ठेवलं आणि खिशातून पन्नी काढली.