चौरंगावरची मोटारसायकल

"काही सभासद वाहनतळात मोटारसायकलच्या शर्यतींचा सराव करीत असून त्यामुळे ज्येष्ठ नागरिकांच्या जिवास धोका निर्माण झाला आहे," अशी सूचना ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या फलकावर सोमवारी सकाळी लागली. 'काही सभासद' हे अनेकवचन केवळ आदरार्थी आहे. तो सभासद मीच. ज्या क्षणी हा धोका निर्माण झाला त्या क्षणी माझ्या गाडीचे इंजिन बंद होते, किल्ली घरी फ्रिजवर होती आणि गाडी आईच्या सत्यनारायणाच्या चौरंगावरून नुकतीच खाली उतरवलेली होती.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मातीतल्या शर्यतीत नवशिक्यांच्या गटातून उतरण्याची बुद्धी मला का झाली, हे घरी अनेकदा विचारून झाले आहे. २०२४ च्या डकार रॅली या वाळवंटातल्या शर्यतीत केरळच्या हरिथ नोआने मोटारसायकलींच्या रॅली-२ गटात पहिला क्रमांक मिळवला, त्याची दृश्ये मी रात्री दोन वाजेपर्यंत पाहत बसलो होतो, एवढेच त्याचे उत्तर आहे. गाडी निवडताना मात्र वाळवंट दूर राहिले आणि हिशेब पुढे आला. मोटोक्रॉससाठीच, म्हणजे मातीच्या बंद मार्गावरील शर्यतींसाठीच, बनवलेली कावासाकीची केएक्स २५० जेमतेम ११० किलोंची आहे. परंतु तिला दिवा नाही, आरसा नाही आणि रस्त्यावर चालवण्याची परवानगीही नाही, त्यामुळे दर वेळी छोटा हत्ती भाड्याने घेऊन तिला नवरीसारखी मिरवत न्यावे लागते, शिवाय तिची किंमत माझ्या चारचाकीला लाजवते. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० भक्कम खरी, पण १९६ किलोंची. आणि नवशिक्याचा शर्यतीतला निम्मा वेळ पडलेली गाडी उचलण्यात जातो, असे सगळेच जाणकार सांगतात. शेवटी नेरूळच्या एका मुलाकडून मी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही प्रो सेकंडहँड घेतली. पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १८ चे, पोट जमिनीपासून २७० मिलिमीटर उंच आणि सीट ८९१ मिलिमीटरवर. माझी उंची पाच फूट पाच इंच असल्यामुळे तिच्यावर बसल्यावर माझे अंगठे जमिनीला केवळ नमस्कार करतात.

"घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत राहतोस, मग सरावाला लांब कशाला जायचं?" हा विनोद मला आतापर्यंत अकरा जणांनी ऐकवला आहे. प्रत्येक वेळी मी हसलो आहे. बाराव्या वेळी हसेन असे वाटत नाही.

"सेटिंग एकदम रेडी आहे, दादा," असे नेरूळचा मुलगा म्हणाला होता आणि ते खोटे नव्हते. सेटिंग त्याच्यासाठी तयार होते. तो साठ किलोंचा, मी किती ते पुढे येईलच. गाडी आणि चालवणारा यांच्या एकत्रित वजनाने गाडी मागच्या चाकावर जितकी दबते त्याला सॅग म्हणतात आणि तो चाकाच्या वर-खाली होण्याच्या एकूण चालीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असावा लागतो. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाची चाल २२० मिलिमीटर, म्हणजे सॅग हवा सुमारे ७३. त्यासाठी मागचा आस आणि त्याच्या बरोबर वरची एखादी ठरलेली खूण यांतले अंतर तीनदा मोजायचे असते: चाक अधांतरी असताना, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आणि वर माणूस बसल्यावर. चाक अधांतरी करायला स्टँड लागतो. तो माझ्याकडे नव्हता, चौरंग होता, आणि चौरंगाची उंची बरोबर एक फूट निघाली. रविवारी आई देवळात गेली असताना वॉचमनच्या मदतीने मी गाडी त्यावर चढवली. येथपर्यंत सारे सुरळीत होते.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका वर्तमानपत्र घ्यायला खाली आले.

काका वैधमापन खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर त्यांनी किराणा दुकानांतली वजने, पेट्रोल पंपांवरची मापे आणि मंडईतले तराजू तपासले. आता तपासण्यासारखे फारसे काही हाती उरलेले नसल्यामुळे ते दुधाच्या पिशव्या मापाच्या भांड्यात ओतून पाहतात. माझ्या हातातली मोजपट्टी दिसताच त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढले, ते त्यांच्या नातवाच्या बारशालाही मी पाहिले नव्हते.

"टेप कुठला?"

"हार्डवेअरच्या दुकानातला, काका."

"शिक्का दाखव."

शिक्का नव्हता. काकांनी टेपचे पत्र्याचे टोक बोटांत धरून हलवले. ते टोक स्वतःच्या जाडीइतके हलावे अशीच त्याची रचना असते, असे मी नम्रपणे सांगितले. "हलणाऱ्या मापाचं समर्थन करणारे मी खूप पाहिलेत," असे म्हणून ते वर गेले आणि पंच्याच्या घडीत गुंडाळलेली एक मीटरची पोलादी पट्टी घेऊन आले. पहिले माप ६१४ भरले. गाडी खाली उतरवून स्वतःच्या वजनावर उभी केल्यावर ५८६. काकांनी दोन्ही आकडे रोजनिशीत लिहिले, माझ्याकडून त्यांखाली सही घेतली आणि मी गाडीवर चढू लागताच मला हाताने थांबवले.

"शर्यतीत या बर्म्युड्यावर जाणार आहेस?"

येथे मला कबूल करावे लागते, आणि ते करताना अजूनही दात-ओठ खाल्ले जातात, की काकांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. सॅग पूर्ण पोशाखातच मोजतात. ज्या माणसाने जन्मात लुनाही चालवली नाही त्याला हे आपसूक कळावे आणि चार महिने रात्री जागवून अभ्यास केलेल्या मला ते सुचू नये, ही गोष्ट मला नंतरच्या पडण्यापेक्षाही अधिक लागली. मी वर गेलो आणि गुडघ्यापर्यंतचे बूट, गुडघ्यांच्या ढाली, छातीचे चिलखत व चोचीचे हेल्मेट असा सारा सरंजाम ऑक्टोबरच्या उन्हात अंगावर चढवून लिफ्टने खाली आलो. लिफ्टमधल्या काकूंनी मला ओळखले नाही, याचा मला आनंदच झाला. खालच्या मुलांनी मात्र ओळखले. "दादा, तुम्ही विकेटकीपर आहात का?" असे त्यांच्यातल्या सर्वांत लहानाने विचारले.

"आता वजन," काका म्हणाले.

फाटकाशी रद्दीवाल्याचा टेम्पो उभा होता. काकांना पाहताच त्याने न विचारता काट्याचा शिक्का दाखवला. त्यांच्यातला हा जुना व्यवहार असावा. काट्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. ते उतरवून तेथे मला उभे करण्यात आले.

"एकूण १०४," काकांनी मोठ्याने वाचले, आणि मला चिलखत, बूट, हेल्मेट उतरवायला लावून पुन्हा उभे केले. "निव्वळ ९३. बारदान ११."

रद्दीवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती भाव ठरवणाऱ्याची होती.

बारदान पुन्हा चढवून मी गाडीवर बसलो. माप आले ५१५, म्हणजे सॅग ९९. फारच जास्त. अशी गाडी मागून बसते, पुढचे चाक हलके पडते आणि वळणावर ते बाहेर पळते. मग पान्हा आणि हातोडीने शॉकअपवरची रिंग फिरवून स्प्रिंग आवळण्यात पाऊण तास गेला, आणि दुसऱ्या मापासाठी मी पुन्हा वर चढलो. वॉचमनने हँडल धरले होते, काका मागे पट्टी लावून वाकले होते, माझे अंगठे जमिनीला नमस्कार करीत होते, आणि नेमक्या त्याच वेळी अध्यक्षांची गाडी फाटकातून आत आली. वॉचमनने सलाम ठोकला. दोन्ही टाचा जुळवून, ताठ उभे राहून, हँडल सोडून.

शून्य वेगाने पडायला फार वेळ लागतो. त्या वेळात मला खजिनदारांची स्कूटर दिसली, तिचा आरसा दिसला, आरशात माझी चोच दिसली, आणि मग आरसाच राहिला नाही. ताठ बुटांमुळे घोटा वळत नव्हता आणि गाडीखालून पाय निघत नव्हता. काका माझ्या दिशेने धावत आले.

"पडण्याआधी ५४१ आलं होतं," ते म्हणाले. "लिहून घेतलंय."

म्हणजे सॅग ७३, अगदी हवा तेवढा. मला खालूनच आनंद झाला. तो काकांनी टिकू दिला नाही. मला उठवल्यावर त्यांनी रिकाम्या गाडीचे माप पुन्हा घेतले: ६१२. पूर्वी स्वतःच्या वजनाने २८ मिलिमीटर दबणारी गाडी आता केवळ २ दबत होती. "दहा किलोच्या काट्यावर वीस किलोचा माल टाकायचा आणि काटा जमावा म्हणून स्प्रिंग पिळायची, अशातला प्रकार आहे हा," काकांनी निकाल दिला. "स्प्रिंग निर्दोष आहे. माल जास्त आहे."

हेच निदान सस्पेन्शनच्या कोणत्याही तंत्रज्ञाने केले असते: अशा वेळी माझ्या वजनाला पेलणारी अधिक कडक स्प्रिंग बसवावी लागते. फक्त त्याने ते सोळा मुले, एक रद्दीवाला आणि अध्यक्ष यांच्यासमोर केले नसते.

सूचनेचा मला राग आला तो वेगळ्याच कारणाने. या शहरात नवशिक्याने शिकायचे कोठे, हे कोणी सांगत नाही. येऊरच्या जंगलात इंजिन नेऊ नये, हे मलाही मान्य आहे. मैदानांवर सामने नाहीतर मंडप. आणि स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या पार्किंगच्या जागेत उभ्या गाडीवर बसणे ही शर्यत ठरते. ज्या फलकावर हे छापून लावले त्याच्याच खाली अध्यक्षांची गाडी दीड जागा अडवून उभी असते, तिला सलामही मिळतो. आरशाचे साडेतीनशे रुपये मी त्याच दिवशी भरले आहेत, त्याची पावती अद्याप मिळालेली नाही.

ही सूचना वाचून काका माझ्याहून अधिक संतापले. माप न घेता आरोप करणे त्यांना सहनच होत नाही. त्यांनी मंगळवारी समितीला पत्र दिले आणि त्याची प्रत स्वतःच्या हाताने फलकावर लावली: "सदर वाहनाचा वेग घटनेच्या वेळी शून्य होता, याचा मी साक्षीदार आहे. पतनाचे कारण सदस्याचे वजन, निव्वळ ९३ किलो, बारदानासह १०४, प्रमाणित काट्यावर माझ्यासमक्ष. फेरपडताळणी दर रविवारी सकाळी ७ वाजता."

समितीने बुधवारी आपली सूचना काढून टाकली. पत्र अजून फलकावरच आहे.